उसनं खाद्य

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पिल्लांचा ट्रक बर्ल टिडमोरच्या फाटकासमोरून न थांबता पुढे गेला आणि रस्त्यापलीकडे नेल्डा प्रुएटच्या आवारात वळला.

बर्ल फाटक उघडून उभा होता. ट्रकला वळायला जागा हवी म्हणून आपली पिकअप त्याने आदल्या संध्याकाळीच कोठाराआड नेऊन लावली होती. त्याच्या दोन्ही शेडमध्ये नवा भुसा पसरलेला होता आणि हीटर रात्रभर चालू होते. खाद्य तेवढं आलेलं नव्हतं. पण कंपनीच्या कारखान्यातून खाद्य उशिरा येणं ही त्या डोंगरपठारावर कुणाला नवी गोष्ट नव्हती. त्याने ट्रककडे पाहून एक हात वर केला. ड्रायव्हरने समोरच पाहिलं.

नेल्डाने हे आपल्या शेडच्या दारातून पाहिलं. इतक्या वर्षांत ट्रक नेहमी आधी बर्लकडे जायचा, मग तिच्याकडे. ड्रायव्हर चुकला असेल असं तिला वाटलं. तोवर मागचा दरवाजा उघडला, ट्रे खाली येऊ लागले, आणि तिचे हात कामाला लागले. ट्रे तिरपा धरायचा, एका झटक्यात पिल्लं भुश्यावर सोडायची, रिकामा ट्रे मागे द्यायचा. पिवळ्या पिल्लांचा चिवचिवाट एवढा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे.

कंपनीचा सुपरवायझर ट्रेंट आपल्या पांढऱ्या गाडीतून उतरून आत आला. तिशीच्या आतला, याच पठारावर वाढलेला, लग्न झालेल्या थोर बायकांनाही इथल्या रीतीने 'मिस' म्हणणारा. त्याने मूठभर पिल्लं उचलून त्यांचे पाय गालाला लावून पाहिले. पाय ऊबदार होते, म्हणजे भुसा नीट तापलेला होता.

"झकास," तो म्हणाला. "मिस नेल्डा, तुमच्या शेडला नावं ठेवायला जागा नाही."

"मिस्टर बर्ल फाटकाशी उभे आहेत," नेल्डा म्हणाली. "ट्रक आधी तिकडे जातो ना?"

"आज तुमच्याकडेच आहे."

"आणि त्यांच्याकडे कधी?"

ट्रेंटने पिल्लं खाली सोडली. हात पँटला पुसले. "इथलं आटपलं की मी जातोच आहे त्यांना सांगायला."

"काय सांगायला?"

"गेल्या बॅचला ते शेवटचे आले. लागोपाठ तिसऱ्यांदा. आता त्यांना पिल्लं नाहीत." मग विषय बदलावा तसा तो हसला. "आणि तुम्ही पहिल्या. ऑफिसात सगळे विचारत होते, त्या बाईने पाण्यात काय कालवलं म्हणून."

नेल्डाच्या हातात भरलेला ट्रे होता. शंभर पिल्लं. तिने तो तिरपा केला नाही. मागच्या माणसाने दोनदा हाक मारली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

अलाबामाच्या त्या उत्तरेकडच्या पठारावर पिल्लं कंपनीची असतात, खाद्य कंपनीचं असतं, आणि वाढलेला पक्षीही कंपनीचाच असतो. शेड शेतकऱ्याची, शेडवरचं कर्ज शेतकऱ्याचं, मेलेला पक्षी शेतकऱ्याचा. पगार मिळतो तो क्रमांकावर. एका आठवड्यात ज्यांचे ज्यांचे पक्षी कंपनीने कापायला उचलले, त्यांची उतरंड लागते. कंपनीच्या किती खाद्यातून किती मांस झालं, एवढंच बघायचं. मध्ये एक रेघ मारायची. रेघेच्या वरच्याला जास्तीचा दर, आणि ते जास्तीचे पैसे रेघेच्या खालच्यांच्या दरातून कापलेले. कंपनीच्या खिशातून जायचे तेवढेच जातात. चर्चमध्ये एका बाकावर बसणारी माणसं एकमेकांच्या ताटातलं खात होती. कुणी कुणाचं खाल्लं हे मात्र कळत नसे, कारण आपला क्रमांक दुसऱ्याला सांगायचा नाही असं करारातच होतं. आणि नसतं तरी शेवटचा आलेला माणूस ते सांगत कशाला फिरेल?

म्हणून बर्ल आधीच्या दोन बॅचना शेवटचा आलाय, हे नेल्डाला माहीत नव्हतं. आणि बर्लला शेवटचं कुणी केलं हे तिला या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

ऑगस्टमधला तो शनिवार होता. पक्षी उचलायला चार दिवस राहिले होते. त्या वयाचा पक्षी दिवसभर नुसता खातो. दुपारपर्यंत खाद्याचा ट्रक यायला हवा होता, तो आला नाही. नेल्डाने कारखान्याला फोन केला. "गाडी निघालीय," असं उत्तर आलं. संध्याकाळीही तेच उत्तर आलं. रविवारी सकाळी फोन कुणी उचललाच नाही. तिने काठी घेऊन टाकीच्या पत्र्यावर वरून खालपर्यंत ठोकून पाहिलं. खाद्य असतं तिथे आवाज बद्द येतो, नसतं तिथे तो घुमतो. तो खालपर्यंत घुमला. शेडमध्ये पक्षी एकमेकांच्या पाठी टोचू लागले होते.

चर्चहून परतलेला बर्ल रस्त्यातच थांबला.

"नेल्डा, उतर खाली. रविवारच्या कपड्यात टाकीवर कोण चढतं?"

"झाकण अडकलंय का बघत होते, मिस्टर बर्ल."

"झाकण कशाला अडकेल? टाकी रिकामी आहे. तुझ्या काठीचा आवाज चर्चपर्यंत येत होता. पाद्रीबुवा दोनदा अडखळले."

त्याच्याकडे शुक्रवारीच खाद्य येऊन पडलं होतं. डुकरं पाळायचा त्या काळातला एक जुना गाडा त्याच्याकडे होता, धान्य वर चढवणाऱ्या नळीचा. कोट काढून त्याने तो ट्रॅक्टरला जोडला, आपल्या टाकीखाली लावला आणि भरून आणला. अशा चार खेपा झाल्या. नेल्डाचा नवरा हॉइट ओसरीत बसून पाहत होता. शेडमधल्या धुळीने त्याची छाती गेली होती. चार पावलं चालला की त्याला बसावं लागे.

"मोजून घाल रे बर्ल," तो ओरडला. "माझी बायको नंतर कबूल व्हायची नाही."

"तुझ्या बापाने कधी मोजून दिलं होतं का रे?" बर्ल म्हणाला. "दिलं असतं तर तू इतका आडवा वाढला नसतास."

पहिल्या कडाक्याच्या थंडीत ज्याच्या घरी डुक्कर कापलं जाई, त्याच्या घरून शेजाऱ्याकडे परातभर मांस जाई. शेजाऱ्याचं डुक्कर कापलं जाई तेव्हा परात भरून परत येई. तराजू कुणी काढत नसे. या पठारावर पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या हाताला ही सवय होती. त्या रविवारी बर्लचे हात त्याच सवयीने चालले, नेल्डाचेही. गाड्यातून चाललंय ते आपलं नाही, कंपनीचं आहे, हे दोघांनाही माहीत होतं. पण कंपनीचं कुठल्या नावावर मांडलंय, हे त्या दुपारी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी कंपनीचा ट्रक आला. कागदावर मात्र शनिवारची तारीख होती. ड्रायव्हर म्हणाला, सही कर बाई, मला आणखी तीन ठिकाणी जायचंय. नेल्डाने सही केली. मग ती रस्ता ओलांडून बर्लकडे गेली.

"गाडा घेऊन या, मिस्टर बर्ल. परत भरून देते."

"परवा पक्षी उचलणार. आता कुठे ढवळाढवळ करतेस? पुढच्या बॅचला बघू."

पुढच्या बॅचला बघू. डुकराच्या बाबतीत हे बोलणं ठीक होतं. तिच्याकडे उरलेलं खाद्य पक्षी गेल्यावर कंपनीचा ट्रक शोषून परत घेऊन गेला आणि ते तिच्या नावावर जमा झालं. बर्लच्या चार खेपा बर्लच्याच पक्ष्यांनी खाल्ल्या असं धरलं गेलं. कागदावर तिचे पक्षी हवेवर वाढले.

त्या गुरुवारी ट्रेंटची पांढरी गाडी रस्ता ओलांडून बर्लच्या आवारात गेली आणि थोड्याच वेळात बाहेर पडली. बर्लच्या शेडवरची हीटरची धुराडी अजून वाफ सोडत होती.

नेल्डा घरात आली. हॉइट टेबलाशी बसून कालच्या मक्याच्या पावाचा तुकडा ताकात कुस्करत होता. तिने त्याला उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्याने शांतपणे घास संपवला. "कुणाला बोललीस?"

"तुलाच."

"मग इथेच थांबव."

"हॉइट, त्यांची पिल्लं गेली."

"त्याने कंपनीचं खाद्य दिलं, आपण घेतलं. करारात त्याला चोरी म्हणतात. आज त्याची गेलीत. तू तोंड उघडलंस की आपलीही जातील, आणि आपल्या शेडबरोबर हे घरही बँकेत लिहून दिलेलं आहे." तो दम घ्यायला थांबला. "त्याची परत येणार असतील तर जा, सांग. येणार आहेत का?"

ती पिल्लांकडे परत गेली.

दुपारी पिल्लं निवांत झाल्यावर तिने बर्लच्या बायकोचं, ओपलचं, पांढरं भांडं कपाटातून काढलं. जुलैपासून ते तिच्याकडेच होतं. त्यात टोमॅटो भरले आणि ती रस्ता ओलांडून गेली.

ओपलने दारातच भांडं घेतलं. "रिकामं नाही ना आणलंस?"

"तसं कसं आणीन?"

"हल्ली काही सांगता येत नाही." ओपलचे डोळे लाल होते, आवाज नेहमीचाच. "तो शेडमध्ये आहे. मी गेले तर मला हाकलतो. तू बघ."

बर्ल एकेक हीटर बंद करत फिरत होता. रिकामी शेड उबदार होती आणि नव्या भुश्याचा चांगला वास येत होता. नेल्डाला पाहून तो पुढच्या हीटरकडे वळला.

"मिस्टर बर्ल, ते खाद्य."

"कुठलं खाद्य?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठलं ते."

त्याने झडप फिरवली. ज्योत भप्पकन विझली. "ठाऊक आहे. चेक आला त्याच दिवशी बसून हिशेब मांडला. ओपल म्हणाली, एवढा वेळ तू बायबलपुढेसुद्धा बसत नाहीस."

"मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? फाटकाशी येऊन ओरडू, माझं खाद्य परत दे म्हणून?"

"मी ट्रेंटला सांगते. खाद्य उशिरा आलं, चूक कारखान्याची. त्यांनी दोघांचा हिशेब पुन्हा करावा."

"नेल्डा." तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "मी आधी दोनदा शेवटचा आलो तेव्हा काही तू माझं खाद्य खाल्लं नव्हतंस. पिल्लं आली तीच मरतुकडी. वर कंपनी म्हणे नवे पंखे बसवा. या वयात मला कर्ज कोण देतं? या वेळी नसतो आलो शेवटचा, तर पुढच्या वेळी आलो असतो. दुसरं कुणीतरी पहिलं आलं असतं."

"पण या वेळी मी आले."

"हो. आलीस खरी." त्याने ते तसंच राहू दिलं. मग म्हणाला, "आग माझ्या घराला लागलीय. तू आपलं छप्पर पेटवलंस म्हणून माझी विझायची नाही. जा, पिल्लांकडे बघ."

"माझ्या टाकीत नवं खाद्य आहे. चार खेपांचं देणं आहे तुमचं."

बर्ल हसला. वाईट हसला नाही. "माझ्याकडे चोच नाही एक, आणि तू खाद्य द्यायला निघालीस. मीच बसू का खात?"

पुढच्या मंगळवारी ट्रेंट पिल्लं बघायला आला. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायांजवळून पिल्लं सारत दोघं चालत गेली. तापमान बघून झालं, पाण्याच्या नळ्या बघून झाल्या. परत दाराशी आल्यावर नेल्डाने सांगितलं. शनिवार, रविवार, गाडा, चार खेपा. आवाज न चढवता, क्रमाने.

ट्रेंटने पेन खिशात ठेवलं. "मिस नेल्डा, मी आत्ता गाडीत पाणी प्यायला गेलो होतो. तुम्ही काय बोललात ते मी ऐकलेलं नाही."

"मग पिऊन ये. मी थांबते. पुन्हा सांगेन."

"शनिवारी खाद्य पोहोचलं अशी नोंद आहे. खाली तुमची सही आहे."

"ते सोमवारी आलं."

"मग दोन दिवस तुमचे पक्षी काय खाऊन पहिले आले?"

"तेच सांगतेय ना."

तो दाराच्या चौकटीला टेकला. बराच वेळ त्याने बुटाने भुसा सारखा केला. "करारात याला काय म्हणतात माहीत आहे ना? देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही?"

"देणाऱ्याचं आता काय करणार? पिल्लं काढून घेणार?"

"त्यांची नाही," ट्रेंट म्हणाला. "तुमची."

शेडमधले पंखे सुरू झाले.

"माझ्या बापाच्या दोन शेड होत्या, तळ्याकडच्या रस्त्याला," तो म्हणाला. "आता शहरातली माणसं हिवाळ्यात त्यांत आपल्या बोटी ठेवतात. बाप तिथला रखवालदार आहे. हे मी का सांगतोय मला माहीत नाही."

"तू ऑफिसात सांगणार आहेस का?"

"सांगितलं तर तुम्ही जाता. नाही सांगितलं आणि त्यांना कळलं तर मी जातो. मिस्टर बर्ल दोन्हीकडून गेलेलेच." त्याने टोपी घातली. "तुम्ही मला सांगायला नको होतं."

"मग कुणाला सांगायचं?"

ट्रेंट गाडीकडे गेला. गाडी सुरू करून तो रस्त्याला लागला. बर्लच्या फाटकाशी त्याचा वेग थोडा कमी झाल्यासारखा तिला वाटला. फाटक बंद होतं.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही, आणि पुढच्या मंगळवारी तो आलाही नाही. कार्यालयातल्या बाईने फोनवर सांगितलं की ट्रेंटला दुसरा भाग दिलाय, नवा माणूस लवकरच येईल. कधी, ते तिला माहीत नव्हतं. दुसरा भाग त्याने मागून घेतला की त्याला दिला, हेही तिला माहीत नव्हतं. हॉइटने तीन दिवस नेल्डाशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी त्याने मीठ मागितलं.

दोन आठवड्यांत पिल्लं पांढरी झाली. सुरुवातीचं बारीक खाद्य संपत आलं की जाड खाद्याचा ट्रक येतो. तो शुक्रवारी सकाळी यायचा होता. नेल्डाने दुपारी फोन केला.

"गाडी निघालीय," कारखान्यातला माणूस म्हणाला.

"कुणाकडे निघालीय?"

"यादीत नाव असेल त्यांच्याकडे."

"माझं आहे का?"

"बाई, माझ्यापुढे यादी नाही. मी फक्त फोन उचलतो."

ऊन कलल्यावर ती काठी घेऊन टाकीशी गेली आणि वरून ठोकत खाली आली. तेवढ्यात रस्त्यापलीकडचं फाटक करकरलं. बर्ल रस्ता ओलांडून आला. ट्रेंटशी झालेलं बोलणं तिने त्याला सांगितलेलं नव्हतं. पण पठारावर अशी गोष्ट पायाने चालत जात नाही, उडत जाते. त्याने तिला काही विचारलं नाही. तिच्या हातातली काठी घेतली आणि टाकीच्या पार तळाशी, जिथे पत्रा निमुळता होतो तिथे, एकदा ठोकलं.

"उद्या सकाळपर्यंत पुरेल," तो म्हणाला. "हात आखडून घातलंस तर दुपारपर्यंत."

"दुपारपर्यंत येईल."

"येईल."

त्याच्या कोठारापुढे तो जुना गाडा उभा होता, दांडी जमिनीला टेकलेली, नळी आभाळाकडे. त्यामागच्या टाक्या रिकाम्या होत्या. कंपनीने मागच्याच आठवड्यात माणसं पाठवून त्यांच्या तळाचं झाडूनसुद्धा नेलं होतं. बर्लने तिकडे पाहिलं, नेल्डानेही पाहिलं, आणि मग दोघंही रस्त्याकडे पाहू लागली.

अंधार पडेपर्यंत त्या रस्त्याने एक शाळेची बस आणि दोन पिकअप गेल्या. शनिवारी दुपारी बारापर्यंत खाद्याचा ट्रक आलेला नव्हता.